चुकतमाकत

रणदिव्यांच्या घरात पन्नाशी कुणी पाहिली नव्हती. आजोबा ऐन चाळिशीत गेले, त्यांच्यामागे आत्या, आणि हेमांगी कॉलेजात असताना वडील. तिघांनाही एकच दुखणं, आतड्याचा कर्करोग. सांगलीच्या गावभागातली जुनी माणसं म्हणायची, त्या घराला काहीतरी लागलंय. काय लागलंय ते पुढे मिरजेच्या डॉक्टर फरीदा मुल्लाणींनी सांगितलं. पिढीजात उतरत आलेली एका अक्षराची चूक.

तोवर हेमांगी चाळिशीला टेकली होती. इचलकरंजीच्या मागवाल्यांना ती साड्यांच्या काठांची डिझाइन्स करून द्यायची, घरी बसून, संगणकावर. लग्न तिने केलं नव्हतं. हे आपल्यापाशीच संपू दे, असं तिने वडिलांच्या दहाव्याला ठरवलं होतं आणि ते पाळलं होतं. थोरला भाऊ उदयन तसा हट्टी नव्हता. त्याने सुमेधाला सगळं आधी सांगितलं, ती हो म्हणाली, आणि दोघांनी मूल न होऊ देता संसार केला. मुलांची हौस तो तलावावर भागवायचा. महापालिकेच्या जलतरण तलावावर तो पोरांना पोहायला शिकवायचा. अर्धी सांगली त्याच्या हातावर तरंगायला शिकली होती.

डॉक्टर मुल्लाणींनी दोघांना समोर बसवून समजावलं. "पेशी दुभागायच्या आधी आपल्या डीएनएची नक्कल करते. अब्जावधी अक्षरांचा मजकूर. पिळलेली शिडी मधोमध उसवत जाते आणि प्रत्येक सुट्या धाग्यासमोर नवे जोडीदार बसत जातात. काम झपाट्याचं, चुका होणारच. म्हणून नकलाकाराच्या मागोमाग मुद्रितशोधक चालतो. चुकीचं अक्षर खुडायचं, बरोबर बसवायचं. तुमच्या घरात हा मुद्रितशोधकच जन्मापासून लंगडा आहे. आतड्याचं अस्तर तर चार-पाच दिवसांत नवं होतं. जिथे नक्कल जास्त, तिथे चुका जास्त."

"मग आम्हाला धडधाकट शोधक द्या की एखादा," उदयन म्हणाला.

"तोच तर केलाय."

त्यांच्या प्रयोगशाळेने तसं प्रथिन खरोखरच घडवलं होतं. अडचण होती ती ते पेशीच्या आत न्यायची. पेशीभोवतीचं पटल म्हणजे स्निग्ध रेणूंचे दोन थर. प्राणवायू त्यातून सहज जातो, साखरेला वेगळं दार लागतं, आणि शोधकासारख्या धिप्पाड प्रथिनाला कुणी उभंही करत नाही. पण दुभागणाऱ्या पेशीला लोह लागतं. रक्तातलं लोह एका वाहक प्रथिनावर बसून येतं. पटलावरचं कुलूप त्या वाहकाला ओळखतं, पटल आत खचतं, आणि त्याची पिशवी होऊन वाहक आत ओढला जातो. डॉक्टरांनी शोधकाला त्या वाहकाच्याच पाठीशी बांधलं होतं. जी पेशी जास्त दुभागते तिला लोहाची भूक जास्त, म्हणून शोधकही तिथेच जास्त पोचायचा.

"म्हणजे वऱ्हाडात घुसून जेवणारा," उदयन म्हणाला, आणि डॉक्टरही हसल्या.

तपासणीचे निकाल आले तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. हेमांगीचं आतडं स्वच्छ होतं. उदयनच्या आतड्यात गाठ सापडली, आणि त्या गाठीतल्या पेशी बिघडलेल्या होत्या.

"शोधक मुळाबरहुकूम नक्कल करवून घेतो," डॉक्टर म्हणाल्या. "मूळच बिघडलेलं असेल तर तो बिघाडही तितक्याच इमानाने उतरवेल. उदयनना तो देता येणार नाही. आपण गाठ काढू, लक्ष ठेवू."

घरी येताना हेमांगी म्हणाली, "दादा, तुला नाही तर मलाही नको."

"वेडी आहेस का गं? दोघांना ताप आला आणि गोळी एकच असली तर दोघांनी तापत बसायचं? गप घे." मग तो म्हणाला, "आपल्या घरातलं एक तरी माणूस म्हातारं झालेलं मला बघायचंय, हेमे."

तिने घेतलं. दर महिन्याला मिरजेला जायचं, खुर्चीत बसायचं, हाताला सलाईनसारखी पिशवी लावून घ्यायची आणि परत यायचं. दोन वर्षं, तीन वर्षं, दुर्बिणीने बघावं तेव्हा आतडं लख्ख. हेमांगीच्या अंगात कुणीतरी हळूहळू दिवा मोठा करावा तसं झालं. तिने स्कूटर घेतली. दंडोबाच्या डोंगरावर जाणाऱ्या मंडळींत नाव घातलं. उदयनचीही गाठ काढल्यावर सगळं ठीक होतं. रविवारी तिघं एकत्र जेवायची आणि सुमेधा दोघा भावंडांच्या भांडणात पंच व्हायची.

मग कराडचा एक माणूस गेला. हेमांगीसारखाच शोधक घेणारा, तिच्याच वयाचा, धट्टाकट्टा. साध्या फ्लूने गेला. त्याच्या घरात तो फ्लू सगळ्यांना झाला होता आणि सगळे आठवड्यात उठून कामाला लागले होते. पुढच्या महिन्यात नागपूरची एक बाई गेली.

डॉक्टर मुल्लाणींनी शोधक घेणाऱ्या सगळ्यांना बोलावून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला होता, पण त्यांनी काही लपवलं नाही.

"आपलं शरीर नव्या जंतूशी लढायला शिकतं ते कसं, ते ऐका. प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशी असतात. नवा जंतू दिसला की त्या भराभर दुभागतात आणि प्रतिपिंडाच्या साच्यात मुद्दाम चुका करतात. हजार पेशी, हजार चुका. बहुतेक वाया जातात. एखादी चूक अशी पडते की प्रतिपिंड त्या जंतूवर नेमका बसतो. ती पेशी शरीर राखतं, वाढवतं. सगळं शिकणं असं चुकतमाकत चालतं. तुमच्या अंगातला शोधक त्या चुकाच होऊ देत नाही. त्या पेशी इतक्या वेगाने दुभागतात की त्यांनाच लोह सगळ्यांत जास्त लागतं, आणि त्यांच्यातच तो सगळ्यांत जास्त शिरतो."

"म्हणजे आम्ही आता काही शिकणार नाही," हेमांगी म्हणाली.

"जुन्या रोगांची ओळख शाबूत आहे. नवीन काही आलं तर नाही."

"औषध बंद केलं तर?"

"काही महिन्यांत शरीर पुन्हा शिकायला लागेल. आणि आतड्यातल्या चुकाही पुन्हा सुरू होतील."

काहींनी बंद केलं. हेमांगीने नाही केलं. तिला वडिलांचे शेवटचे महिने आठवत होते. तिने स्कूटर सुमेधाला देऊन टाकली आणि दार लावून घेतलं. गावात नवा ताप नसेल तेव्हा बाहेर पडायची, आला की आत. सामान दाराशी यायचं. रविवारी उदयन खाली रस्त्यावर उभा राहून वर गॅलरीत बसलेल्या तिच्याशी बोलायचा. शेजाऱ्यांना दोघांचं सगळं कळायचं. त्याला त्याची फिकीर नव्हती.

"सर्दी झालेली पोरं शिंकतात माझ्या अंगावर," तो खालून ओरडायचा. "मी येतच नाही बघ वर, बोलावलंस तरी!"

तिच्या अशा दिवसांचं तिसरं वर्ष सुरू होतं तेव्हा घोगरा आला. नाव लोकांनीच दिलेलं. ताप यायचा, घसा बसायचा, आठवडा-दोन आठवडे माणूस घोगऱ्या आवाजात बोलायचा आणि बरा व्हायचा. तलावावरच्या पोरांकडून उदयनने तो पहिल्याच लाटेत घेतला. फोनवर त्याचा आवाज ऐकून हेमांगी हसली होती. पण घसा सुटला तरी त्याची ताकद परत आली नाही. तो वाळत चालला. सुमेधाने त्याला ओढूनच डॉक्टरकडे नेलं. कर्करोग यकृतात पोचला होता.

"किमो सुरू करतायत," सुमेधाने फोनवर सांगितलं.  "फार दिवस नाहीत म्हणतायत, हेमा."

उदयनने लगेच फोन आपल्याकडे घेतला. "तू इकडे फिरकायचं नाहीस. ऐकतेस ना? या इस्पितळात मजल्या-मजल्यावर घोगऱ्याचे पेशंट आहेत. रोज फोन कर, दिवसातून दहादा कर. पण दाराबाहेर पाय टाकलास तर याद राख."

ती हो म्हणाली. दिवसातून दहादा फोन केला. पडद्यावर त्याचे डोळे खोल जाताना पाहिले, केस जाताना पाहिले. एके दिवशी बोलता बोलता त्याला ओकारी आली. सुमेधा औषधं आणायला खाली गेली होती. फोन गादीवर पडला आणि हेमांगीला नुसतं छत दिसत राहिलं आणि त्याचं कण्हणं ऐकू येत राहिलं. तिने दोन मास्क चढवले, हातमोजे घातले, आणि रिक्षा बोलावली.

तिला दारात पाहून उदयन इतका संतापला की त्याला धाप लागली. "जा. आत्ताच्या आत्ता जा."

"नाही जाणार."

"वहिनी, हिला घालव!" बायकोलाच वहिनी म्हणाला तो, रागाच्या भरात. सुमेधाला हसू फुटलं, मग हेमांगीला, आणि शेवटी त्यालाही. हसता हसता तो रडायला लागला. तिच्या हातमोज्यातल्या हाताला त्याने बराच वेळ घट्ट धरून ठेवलं.

ते दिवस बरे गेले. वेदना होत्या, पण बरे गेले. सकाळी ती यायची, सुमेधा घरी जाऊन आंघोळ-स्वयंपाक करून यायची. हेमांगी त्याचं अंग पुसायची, भात कालवून चमच्याने भरवायची. ती लहान असताना तो तिला विहिरीत कसा ढकलून द्यायचा, वडील त्याला कसे पट्ट्याने मारायचे, हे सगळं पुन्हा पुन्हा निघायचं. एकदा त्याने विचारलं, "हेमे, आत बसून बसून कंटाळलीस का गं?"

"खूप."

"मला वाटलंच. खाली उभं राहून ओरडताना वाटायचं, हिला विचारावं. मग म्हटलं, हो म्हणाली तर काय करू?"

 त्याने तिच्या डोक्यावर थोपटलं.

पुढच्या आठवड्यात तिला ताप आला. कुठून आला हे कळायला मार्ग नव्हता. लिफ्टमधून, जिन्यातून, किंवा उदयनला उठवताना मास्क घसरला होता तेव्हा. संध्याकाळी तिचा घसा बसला आणि दुसऱ्या दिवशी तिला श्वास पुरेना. त्याच इस्पितळात, दोन मजले वर, तिला अतिदक्षता विभागात नेलं. तोंडावर येणारा नळीचा मास्क तिला आठवत होता. नंतरचं काही नाही.

ती शुद्धीवर आली तेव्हा खिडकीत ऊन होतं आणि खुर्चीत सुमेधा बसली होती. हेमांगीला नळीमुळे बोलता येत नव्हतं. तिने डोळ्यांनीच विचारलं. सुमेधाने मान हलवली, खाली घातली, आणि बराच वेळ वर केली नाही.

नळी निघाल्यावर काही दिवसांनी सुमेधाने सगळं सांगितलं. सलग, एका सुरात, जणू दुसऱ्या कुणाचं सांगत असावी.

हेमांगीच्या अंगात शिरलेला घोगरा पहिल्या लाटेतला राहिला नव्हता, थोडा बदलला होता. हेमांगीला बाहेरून टोचता येतील असे प्रतिपिंड शोधायला डॉक्टर मुल्लाणींनी बऱ्या झालेल्या लोकांचं रक्त तपासायला घेतलं. प्रतिपिंड सगळ्यांत होते, पण या बदललेल्या विषाणूवर धड कुणाचेच बसेनात. उदयनच्या कानावर ते गेलं. तो म्हणाला, मलाही झाला होता, माझं बघा. डॉक्टर नको म्हणत होत्या. किमोने त्याच्या प्रतिपिंड बनवणाऱ्या बहुतेक पेशी मारल्या असणार, उरलेल्या शोधायला बरंच रक्त काढावं लागणार, आणि त्याच्या अंगात मुळात रक्त नव्हतं.

"मग?" हेमांगीने विचारलं. तिचा आवाज अजून घोगरा होता.

"मग तो माझ्याकडे बघायला लागला. सही माझी लागत होती." सुमेधाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "दोनदा काढलं. दुसऱ्यांदा काढल्यावर तो उठून बसला नाही परत. एका पेशीत सापडला म्हणे, नेमका बसणारा प्रतिपिंड. पुण्याला नेऊन वाढवला. तुला पहिली मात्रा टोचली ते मी त्याला येऊन सांगितलं. त्याला कळलं. त्याने असे डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी गेला."

हेमांगी भिंतीकडे बघत होती.

"तुला एक सांगते," सुमेधा म्हणाली. "डॉक्टर म्हणाल्या, तसाही तो गेलाच असता, पण थोडा उशिरा. थोडा म्हणजे किती, ते मी विचारलं नाही. मी तुला दोष देत नाही, हेमा. पण तो तुला येऊ नको म्हणाला होता. आणि ते जे काही दिवस होते ना, ते माझे होते."



डॉक्टर मुल्लाणी भेटायला आल्या तेव्हा त्या नेहमीसारख्या समजावून सांगायला लागल्या, कारण दुसरं काय करावं ते त्यांनाही सुचत नसावं. ज्या अंगात चुका साठून साठून कर्करोग झाला, त्याच अंगातल्या एका पेशीने घोगऱ्याच्या वेळी एक चूक केली होती. पहिल्या लाटेच्या विषाणूला ती फारशी उपयोगाचीही नव्हती. बदललेल्यावर मात्र ती चपखल बसली.

"ते प्रतिपिंड अजून आहेत माझ्या अंगात?"

"आहेत. चार-सहा महिने राहतील, कमी कमी होत. तुमच्या पेशींनी बनवलेले नाहीत ते, त्यामुळे झिजले की संपले."

"डॉक्टर, मला शोधक बंद करायचाय."

डॉक्टर काही म्हणायच्या आत दारातून सुमेधा म्हणाली, "नाही."

"वहिनी..."

"तुला तो हक्क नाही. त्याचं रक्त तुझ्या अंगात असताना तरी नाही. तू जगावंस म्हणून दिलंय त्याने. ते पणाला लावायचं असेल तर मला आधी माझे दिवस परत दे."

हेमांगीने शोधक चालू ठेवला. दर महिन्याला ती मिरजेला जायची, खुर्चीत बसायची. त्याच वेळी रक्त तपासायचे, प्रतिपिंड किती उरलेत ते बघायला. पहिल्याच खेपेला जिन्यात सुमेधा उभी दिसली. ती शाळेत शिकवायची, तिथून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. "कशी आहेस" एवढंही तिने विचारलं नाही. निकाल येईपर्यंत बाकावर बसली. डॉक्टर म्हणाल्या, "भरपूर आहेत." सुमेधा उठली, पर्स खांद्याला लावली आणि निघून गेली.

पुढच्या महिन्यातही आली, त्याच्या पुढच्याही. डॉक्टर आकडा सांगायच्या, तो दर खेपेला खाली आलेला असायचा, आणि सुमेधा तो ऐकून निघून जायची. हेमांगीला कळत होतं, ती कुणाला भेटायला येते ते. त्या बाकावर दोघी शेजारी बसायच्या आणि मध्ये एका माणसाची जागा राहायची. एकदा हेमांगीच्या मनात आलं, तिचा हात घेऊन आपल्या मनगटावर ठेवावा, नाडीवर. धीर झाला नाही.

उन्हाळा संपता संपता घोगरा गावातून गेला. त्या महिन्याच्या तपासणीला डॉक्टर मुल्लाणींनी कागद दोनदा पाहिला.

"आता नाहीत," त्या हळू म्हणाल्या. "म्हणजे असतील एखाद-दोन, पण आमच्या यंत्राला दिसत नाहीत. पुण्याला साठा आहे, हवं तर पुन्हा एक मात्रा..."

हेमांगीने सुमेधाकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत सुमेधा कुणाच्या देखत रडली नव्हती. आता तिचं तोंड वेडंवाकडं झालं, हुंदका आधी आला आणि पाणी मागून. हेमांगी सरकून तिच्याजवळ बसली. सुमेधाने तिला ढकललं नाही. डॉक्टर उठून बाहेर गेल्या आणि दार लोटून घेतलं.

"नको मात्रा," बऱ्याच वेळाने सुमेधा म्हणाली. "जाऊ दे त्याला. किती दिवस धरून ठेवायचं?" तिने तोंड पुसलं. "आणि तूही आता मोकळी. मी अडवणार नाही. चालू ठेव, बंद कर, तुझं तू बघ."

नर्स पिशवी घेऊन आली तेव्हा हेमांगीने हात पुढे केला नाही.

डॉक्टर मुल्लाणींनी समजावून पाहिलं. दुर्बिणीची तपासणी दर सहा महिन्यांनी करावी लागेल, गाठी येतील, काढाव्या लागतील, आणि कधीतरी एखादी निसटेल. हेमांगी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "निसटेल तेव्हा निसटेल, डॉक्टर. पण दादाला शेवटी भेटले ते दाराबाहेर पाय टाकला म्हणून. त्याची किंमत वहिनीने मोजली. आता आत बसून राहिले तर कुणासाठी बसू?"

बाहेर आल्यावर सुमेधाने रिक्षा थांबवली आणि सरकून जागा केली. "जेवायला चल," ती म्हणाली. रस्ताभर दुसरं काही बोलली नाही.

उदयन गेल्यापासून हेमांगी त्या घरात आली नव्हती. दिवसकार्य झालं तेव्हा ती इस्पितळातच होती. बाहेरच्या खोलीत त्याचा फोटो होता, हार वाळलेला. त्याच्यापुढे उभं राहिल्यावर तिला वाटलं होतं तसं काही झालं नाही. 

आतून भांड्यांचे आवाज येत होते. सुमेधा ताट घेऊन बाहेर आली आणि तिला तशीच उभी बघून थांबली.

"तेराव्याला तुझं पान वाढलं होतं मी," ती म्हणाली. "तू इस्पितळात बेशुद्ध होतीस. मी तुझ्यावर इतकी चिडले होते. तरी वाढलं. मग कुणी नाही म्हणून गाईला घातलं."

तिने ताट जमिनीवर ठेवलं, पाट सरकवला.

"आज बस."